नागपूरपेक्षा बिरगंज समुद्राच्या जवळ, तरी नेपाळचा माल महाग का? भूवेष्टित देशात जहाजाचा माल पोहोचतो कसा?

जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. इथून न्हावा शेवा बंदर साधारण साडेचारशे किलोमीटरवर. नागपूर तर मुंबईपासून रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक लांब. आता नेपाळकडे पाहा. नेपाळचे सर्वांत मोठे व्यापारी प्रवेशद्वार असलेले बिरगंज कोलकाता बंदरापासून रेल्वेने सुमारे सातशे किलोमीटरवर आहे. म्हणजे नागपूर मुंबईच्या समुद्रापासून जितके दूर आहे, त्यापेक्षा बिरगंज कोलकात्याच्या बंदराला जवळ आहे.

तरीही नागपूर किंवा टेंभुर्णीला कोणी ‘भूवेष्टित’ म्हणत नाही आणि नेपाळचा उल्लेख मात्र या शब्दाशिवाय पूर्ण होत नाही. परदेशातून समुद्रमार्गे आलेली तीच वस्तू नेपाळमध्ये पोहोचायला जास्त वेळ आणि जास्त पैसा लागतो. असे का होते? अंतर हे त्याचे उत्तर नाही. उत्तर आहे सीमा आणि त्या सीमेवरचे कागद. मराठवाड्याला हे वेगळे सांगायची गरज पडू नये, कारण टेंभुर्णीचा हा परिसर १९४८ पर्यंत स्वतःच एका भूवेष्टित राज्याचा भाग होता.

भूवेष्टित म्हणजे नेमके काय?

ज्या देशाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही, चारही बाजूंनी दुसऱ्या देशांची जमीन आहे, तो भूवेष्टित देश. जगात असे ४४ देश आहेत. आकाराने सर्वांत मोठा कझाकस्तान. उझबेकिस्तान आणि लिश्टेनस्टाइन हे तर दुहेरी भूवेष्टित आहेत; त्यांचे सगळे शेजारीही भूवेष्टितच, त्यामुळे समुद्र गाठायला किमान दोन सीमा ओलांडाव्या लागतात. भारताच्या शेजारात नेपाळ, भूतान आणि अफगाणिस्तान हे तीन देश या यादीत येतात.

या ४४ पैकी ३२ देशांना संयुक्त राष्ट्रे ‘भूवेष्टित विकसनशील देश’ मानतात. त्यातले १६ आफ्रिकेत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार या देशांचा सरासरी वाहतूक खर्च किनारा असलेल्या शेजाऱ्यांच्या दुपटीहून अधिक असतो. जगातला बहुतेक अवजड माल जहाजाने फिरतो, कारण एका जहाजात हजारो कंटेनर मावतात आणि त्यामुळे दर कंटेनरमागचे भाडे कमी पडते. जमिनीवर तसे होत नाही. शिवाय ती जमीन परक्या देशाची असेल, तर भाड्याशिवाय इतरही अनेक गोष्टी मोजाव्या लागतात.

दोन यंत्रे, दोन वाटा

एक उदाहरण घेतले की फरक स्पष्ट होतो. चीनमधील एका कारखान्यातून डाळ निवडण्याची दोन सॉर्टेक्स यंत्रे निघाली, असे समजा. एक जालन्याच्या डाळ मिलसाठी, दुसरे नेपाळमधील डाळ मिलसाठी.

जालन्याचे यंत्र न्हावा शेव्याला उतरते. आयातदाराचा कस्टम एजंट ‘बिल ऑफ एंट्री’ भरतो, सीमाशुल्क आणि जीएसटी जमा होतो, गरज पडल्यास तपासणी होते आणि माल सुटतो. त्यानंतर तो देशातला इतर कोणत्याही मालासारखाच माल. ई-वे बिल घेऊन ट्रक निघतो आणि वाटेत किती जिल्हे लागले, याला काही महत्त्व उरत नाही. आयातदाराला बंदरावर ही प्रक्रिया करायची नसेल, तर सीलबंद कंटेनर छत्रपती संभाजीनगरजवळच्या माळीवाडा येथील अंतर्गत कंटेनर डेपोपर्यंत आणून तिथेही शुल्क भरता येते. काहीही केले तरी संबंध येतो तो एकाच देशाच्या कस्टमशी, एकाच कायद्याशी आणि एकाच चलनाशी.

नेपाळचे यंत्र कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणम बंदरावर येते. ते भारतात विकले जाणार नाही, त्यामुळे त्यावर भारताचे सीमाशुल्क लागत नाही. मात्र ते भारताच्या जमिनीवरून शेकडो किलोमीटर जाणार असल्यामुळे भारतीय कस्टमला खात्री हवी असते की ते वाटेत कुठे उतरणार नाही. म्हणून बंदरावर ‘कस्टम्स ट्रान्झिट डिक्लेरेशन’ नावाचा कागद भरावा लागतो. त्यात माल कोणता, किती, कोणाचा आणि कोणत्या नाक्यातून नेपाळमध्ये जाणार, हे सगळे लिहिलेले असते. कंटेनरला सील लागते. माल वाटेत गायब झाला तर भारताचे बुडणारे शुल्क वसूल व्हावे, यासाठी विमा किंवा हमीचीही तरतूद असते.

मग कंटेनर रेल्वेने रक्सौलमार्गे बिरगंजजवळच्या सिर्सिया येथील ड्रायपोर्टमध्ये जातो. ही सोय २००४ पासून सुरू आहे. सीमेवर सील शाबूत आहे का ते पाहिले जाते. तिथे भारताचे काम संपते आणि नेपाळच्या कस्टमचे सुरू होते: पुन्हा घोषणापत्र, पुन्हा शुल्क, पुन्हा तपासणी. त्यानंतर यंत्र ट्रकवर चढते आणि डोंगराकडे निघते.

जालन्याच्या यंत्राने एकदा कस्टम पार केले. नेपाळच्या यंत्राने दोनदा. शिवाय दोन्ही कस्टमच्या मधे एक असा टप्पा होता, जिथे मालाच्या मालकाचे स्वतःचे सरकारही काही करू शकत नव्हते.

खर्च कुठे कुठे वाढतो?

पहिली गोष्ट वेळेची. कंटेनर बहुतेकदा जहाज कंपनीच्या मालकीचा असतो. तो परत करण्यासाठी ठरावीक दिवस मोफत मिळतात आणि त्यानंतर दर दिवसाला दंड सुरू होतो. याला ‘डिटेन्शन’ म्हणतात. बंदराच्या आवारात माल जास्त दिवस पडून राहिला, तर वेगळे ‘डेमरेज’ लागते. कागदातल्या एका चुकीच्या अंकामुळे कंटेनर चार दिवस अडकला, की हे दोन्ही मीटर सुरू राहतात.

दुसरी गोष्ट रिकाम्या कंटेनरची. नेपाळची आयात निर्यातीच्या कितीतरी पट आहे. म्हणून भरून आलेले बहुतेक कंटेनर रिकामेच बंदरावर परत जातात. परतीच्या त्या फेरीचे भाडेही शेवटी आयातदाराच्या, म्हणजेच ग्राहकाच्या खिशातून जाते. जालन्यात भंगार घेऊन आलेल्या कंटेनरला परतीचा माल मिळण्याची शक्यता तरी असते.

तिसरी गोष्ट ‘बिल ऑफ लेडिंग’ची. जहाज कंपनी माल स्वीकारताना जो दस्तऐवज देते, त्यावर शेवटचे ठिकाण लिहिलेले असते. तिथे फक्त ‘कोलकाता’ असेल, तर कंपनीची जबाबदारी बंदरावरच संपते आणि पुढची सगळी धावपळ आयातदाराच्या एजंटवर पडते. ‘बिरगंज’ लिहिले असेल, तर माल सीमेपलीकडच्या ड्रायपोर्टपर्यंत पोहोचवणे कंपनीवर बंधनकारक असते. नेपाळला माल पाठवणाऱ्या किंवा मागवणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याने सर्वांत आधी पाहायला हवी ती हीच ओळ.

चौथी गोष्ट बंदराची. कोलकाता बंदर समुद्रकाठी नाही, ते हुगळी नदीवर बरेच आत आहे. नदीत पुरेशी खोली नसल्याने मोठी जहाजे तिथे येत नाहीत. कंटेनर आधी सिंगापूर किंवा कोलंबोसारख्या बंदरावर उतरतात आणि तिथून लहान जहाजाने कोलकात्याला येतात. बंदर निवडायला नेपाळ पूर्णपणे मोकळा नाही. भारताशी झालेल्या करारात ज्या बंदरांची नावे आहेत, तीच वापरता येतात. २०१६ मध्ये विशाखापट्टणमचे नाव यात जोडले गेले. बिरगंजपासून ते कोलकात्याच्या जवळपास दुप्पट लांब आहे. तरीही बंदर खोल असल्यामुळे आणि तिथून थेट रेल्वे मिळत असल्यामुळे काही आयातदारांनी हा लांबचा रस्ता पत्करला. अंतर हा खर्चाचा फक्त एक भाग आहे, हे यातूनही दिसते.

करोडगिरीचा नाका: मराठवाडा भूवेष्टित होता तेव्हा

जाफराबाद तालुक्याला लागून आज बुलढाणा जिल्हा आहे. जालना आणि बुलढाणा यांच्यातील ही हद्द आज फक्त दोन जिल्ह्यांची आहे. १९४८ पूर्वी ती निजामाचे हैदराबाद संस्थान आणि इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड यांच्यातली सीमा होती. हैदराबाद हा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला स्वतंत्र देश नव्हता. पण त्याचे चलन वेगळे होते, टपाल वेगळे होते, रेल्वे वेगळी होती आणि व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे कस्टम वेगळे होते. या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. संस्थानात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर सीमेवरच्या नाक्यांवर जकात द्यावी लागे. संस्थानाचा ‘हाली’ रुपया आणि इंग्रजांचा ‘कलदार’ यांचा हिशेबही वेगळा. सहा कलदार रुपयांना सुमारे सात हाली पडत.

हैदराबादला कधीकाळी समुद्र होता. बंगालच्या उपसागरालगतचा ‘उत्तर सरकार’ हा मुलूख १७६० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, गुंटूर १७८८ मध्ये गेले आणि संस्थान भूवेष्टित झाले. १८०२ च्या व्यापारी तहाने निजामाला मछलीपट्टणम बंदर वापरण्याचा हक्क दिला. पाच टक्के जकातीचा दरही त्याच तहातला. मात्र बंदराचा हा हक्क बराचसा कागदावरच राहिला, कारण बंदर, त्याकडे जाणारा रस्ता आणि दोन्हींवरचा पहारा दुसऱ्याच्या हातात होता. परक्या किनाऱ्यावर मिळालेल्या हक्काची खरी ताकद किती असते, याचा हा जुना धडा आहे.

१९०० च्या सुमारास मनमाडहून छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) आणि जालनामार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली. जालन्याचा कापूस मुंबईच्या बंदराकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. पण ही लाइन मीटरगेज होती आणि मनमाडहून मुंबईला जाणारी ब्रॉडगेज. मुंबईच्या डब्यात भरायचा माल मनमाडला उतरवून पुन्हा चढवावा लागे. ही अडचण १९९० च्या दशकात गेज बदलल्यावरच संपली. चीन आणि कझाकस्तान यांच्या सीमेवर रुळांची रुंदी वेगवेगळी असल्याने कंटेनर एका गाडीवरून उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवावे लागतात. मनमाडमध्ये हमालांच्या पाठीवर जे होत होते, तेच काम तिथे आज क्रेन करतात.

समुद्र नसण्याचा राजकीय अर्थ १९४७-४८ मध्ये उघड झाला. भारत स्वतंत्र झाला आणि निजामाने विलीन व्हायला नकार दिला. चारही बाजूंनी भारत. नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करार झाला, पण तणाव वाढत गेला. भारताने आर्थिक नाकेबंदी केली आहे, अशी तक्रार निजाम सरकार करत राहिले. भारत सरकारने अशी अधिकृत नाकेबंदी असल्याचे नाकारले. गोव्यातील मार्मगोवा बंदर आपल्याला वापरता यावे, यासाठी निजामाच्या बाजूने पोर्तुगीजांकडे प्रयत्न झाले. त्यातून काही हाती आले नाही. शस्त्रे आणायला शेवटी आकाशाचाच रस्ता उरला. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने ती आणत होता.

सामान्य माणसासाठी सत्तेची सर्वांत जवळची खूण होती ती म्हणजे नाका. म्हणूनच मराठवाडा मुक्तिसंग्रामात सीमेपलीकडच्या कॅम्पांतून आलेल्या सत्याग्रहींनी जे लक्ष्य केले, त्यात करोडगिरीचे नाके होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. विलीनीकरणानंतर संस्थानाची वेगळी जकात टप्प्याटप्प्याने बंद झाली. टेंभुर्णीचे समुद्रापासूनचे अंतर एका किलोमीटरनेही कमी झाले नव्हते. पण ती आता भूवेष्टित राहिली नव्हती.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

परक्या जमिनीवरून माल नेण्याच्या हक्कासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९२१ च्या बार्सिलोना परिषदेत पारगमनाच्या स्वातंत्र्यावर करार झाला. १९४७ च्या ‘गॅट’ कराराच्या पाचव्या कलमात तेच तत्त्व आले. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात तर भूवेष्टित देशांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्याच्या १२५ व्या कलमानुसार अशा देशांना समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा आणि त्यासाठी शेजारी देशातून माल नेण्याचा हक्क आहे. १२७ व्या कलमानुसार असा माल नेताना सेवांच्या मोबदल्याखेरीज जकात किंवा कर लावता येत नाही. भारत आणि नेपाळ हे दोघेही या कराराचे सदस्य आहेत.

पण याच १२५ व्या कलमात पुढे एक अट आहे. हा हक्क कोणत्या मार्गाने, कोणत्या पद्धतीने वापरायचा, ते संबंधित देशांनी आपापसात करार करून ठरवायचे. म्हणजे हक्क आंतरराष्ट्रीय आणि त्याची चावी मात्र शेजाऱ्याकडे. भारत-नेपाळमध्ये अशा करारांची मालिका १९५० पासून सुरू आहे. पारगमनासाठी स्वतंत्र करार १९७८ मध्ये झाला.

चावी फिरली नाही तेव्हा

मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन करारांची मुदत संपली आणि दोन्ही देशांचे नव्या करारावर एकमत झाले नाही. भारताने बहुतेक सीमानाके बंद केले. नेपाळमध्ये रॉकेल, इंधन आणि रोजच्या वापराच्या वस्तूंचा तुटवडा झाला. परिस्थिती पूर्वपदावर यायला १९९० चा मध्य उजाडला. त्या दरम्यान, एप्रिल १९९० मध्ये, नेपाळमधील पंचायत राजवट जनआंदोलनापुढे संपली. डिसेंबर १९९१ मध्ये नवे करार झाले.

दुसरी वेळ आली २०१५ मध्ये. एप्रिलच्या भूकंपातून देश सावरत असतानाच सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना लागू झाली. तराईतील मधेशी गटांनी तिला विरोध केला आणि सीमेवरची वाहतूक काही महिने ठप्प झाली. नेपाळने याला भारताची अघोषित नाकेबंदी म्हटले. भारताने ते नाकारले आणि अडथळे नेपाळच्या हद्दीतील आंदोलनामुळे असल्याचे सांगितले. दोष कोणाचा यावर वाद राहिला. गॅस सिलिंडर, पेट्रोल आणि औषधांसाठीच्या रांगा मात्र काठमांडूतल्या लोकांनी पाहिल्या.

भूवेष्टित देशासाठी मालवाहतूक हा फक्त व्यापाराचा विषय राहत नाही, तो असा. चुलीपासून दवाखान्यापर्यंत सगळे त्या एका सीमेवर अवलंबून असते.

दुसरे दार शोधण्याची धडपड

एकाच दारावर अवलंबून राहायचे नाही, म्हणून भूवेष्टित देश दुसरी वाट शोधतात. २०१५ च्या अनुभवानंतर नेपाळने २०१६ मध्ये चीनशी पारगमन करार केला. त्याच्या पुढच्या टप्प्यात चीनने तियानजिनसह चार सागरी बंदरे वापरायची मुभा दिली. पण ही बंदरे हिमालय आणि तिबेटपलीकडे हजारो किलोमीटरवर आहेत. रोजच्या मालासाठी कोलकात्याची जागा ती घेऊ शकलेली नाहीत. दुसरीकडे भारताशी असलेले दारही थोडे रुंद झाले: २०१९ मध्ये बिहारमधील मोतिहारीपासून नेपाळमधील अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली आणि २०२३ च्या सुधारित पारगमन करारात भारतातील अंतर्गत जलमार्गही खुले करण्यात आले.

भारतालाही कधीकधी या खेळात दुसऱ्या बाजूला उभे राहावे लागते. अफगाणिस्तानला माल पाठवायचा, तर सरळ रस्ता पाकिस्तानातून जातो. मात्र भारताच्या मालाला तिकडे जाण्याची नियमित परवानगी पाकिस्तान देत नाही. म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये गुजरातमधील कांडला बंदरातून निघालेला गहू जहाजाने इराणच्या चाबहारला गेला आणि तिथून ट्रकने अफगाणिस्तानात. सीमेपलीकडे झरंज ते देलाराम हा रस्ता भारतानेच २००९ पर्यंत बांधून दिला होता. एका दाराला पर्याय म्हणून बंदर, रस्ता आणि तिसऱ्या देशाशी मैत्री, एवढे सगळे उभे करावे लागले.

अंतर तेच, दिवस मात्र कमी

मग भूवेष्टित देशाच्या नशिबी कायम महागाईच आहे का? तसे नाही. युगांडाचा माल केनियाच्या मोंबासा बंदरातून येतो. मोंबासा ते कंपाला हे अंतर अकराशे किलोमीटरहून अधिक आहे. पूर्वी या प्रवासाला १८ दिवसांपर्यंत लागत. २०१४ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील देशांनी सामायिक कस्टम व्यवस्था आणली. युगांडाचे शुल्क मालाने बंदर सोडण्यापूर्वीच भरले जाऊ लागले. सीमेवर दोन देशांच्या दोन वेगळ्या तपासण्यांऐवजी एकाच ठिकाणी एकत्र तपासणी होऊ लागली, वाटेतल्या चौक्या आणि वजनकाटे कमी झाले. तोच प्रवास चार दिवसांच्या आसपास आला. रस्ता तोच, ट्रक तेच. बदलले ते कागद आणि थांबे.

स्वित्झर्लंडही भूवेष्टित आहे, पण जगातल्या श्रीमंत देशांपैकी एक. त्याच्या बासेल शहरातील नदीबंदरात ऱ्हाईन नदीतून थेट मालवाहू बोटी येतात. या नदीवरील जलवाहतुकीचे स्वातंत्र्य १८६८ च्या मानहाइम करारापासून पक्के आहे. शेजारी देश श्रीमंत आणि स्थिर, नियम जुने आणि पाळले जाणारे. अशा ठिकाणी समुद्र नसणे फारसे जाणवत नाही. उलट, १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाल्यावर किनारा गमावलेल्या इथिओपियाचा बहुतेक सगळा सागरी व्यापार आज जिबूती या छोट्या देशाच्या बंदरावर टेकलेला आहे.

भारत-नेपाळ मार्गावरही बदल होत आहेत. कंटेनरला आता साध्या सीलऐवजी जीपीएस असलेले इलेक्ट्रॉनिक सील लावण्याची पद्धत आली आहे. कंटेनर कुठे आहे आणि वाटेत कोणी तो उघडला का, हे दोन्ही देशांच्या कस्टमला स्क्रीनवर दिसते. विश्वासासाठी पूर्वी कागदांच्या जितक्या प्रती फिरवाव्या लागत, तितक्या आता लागत नाहीत. भारत २०१७ मध्ये ‘टीआयआर’ या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्यही झाला. या पद्धतीत सीलबंद वाहनासोबत एकच हमीपत्र असते आणि वाटेतला प्रत्येक देश माल न उघडता फक्त सील तपासतो.

जालन्याचे ड्रायपोर्ट नेमके काय देईल?

जालन्याजवळ दरेगाव-दिनेगाव परिसरात ड्रायपोर्टचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. जवाहरलाल नेहरू बंदराने हाती घेतलेला हा प्रकल्प नंतर मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क म्हणून पुढे न्यायचे ठरले आणि त्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. जिल्ह्यात अनेकांना प्रश्न पडतो की समुद्र नसताना हे बंदर कसले?

ड्रायपोर्ट समुद्र आणत नाही, समुद्रावरचे कस्टमचे टेबल गावाजवळ आणते. कंटेनर इथेच भरायचा, इथेच तपासायचा, सील लावायचे आणि बंदरावर तो थेट जहाजाकडे न्यायचा. स्टीलसाठी भंगार मागवणारे कारखाने, बियाणे कंपन्या, मोसंबी आणि कापसाचे व्यापारी यांचा बंदरावरचा खोळंबा त्यामुळे कमी होऊ शकतो. बिरगंजचे ड्रायपोर्टही मूलतः हेच काम करते. फरक एवढाच की जालना ते न्हावा शेवा या वाटेवर कोणत्याही दुसऱ्या देशाचा शिक्का लागत नाही.

देशाच्या आतही असे शिक्के होतेच. मुंबईच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली, राज्यांच्या सीमांवरील कर तपासणी नाके हटले. ज्यांनी त्या रांगेत रात्र काढली आहे, त्या ट्रकचालकांना भूवेष्टित देशाची अडचण नकाशा न पाहताही कळेल.

आज टेंभुर्णीहून देऊळगाव राजाकडे जाणारा ट्रक जालना जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात शिरतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वी जिथे करोडगिरी होती, तिथे त्याला ब्रेक लावावा लागत नाही. रक्सौलला पोहोचलेल्या कंटेनरला मात्र अजूनही थांबावे लागते. तो किती वेळ थांबेल, यावरच नेपाळमधल्या वस्तूची किंमत ठरते.